त्र्यंबक ते पैठण : गोदावरीच्या एका अभ्याससहलीचे परीक्षण

गोदावरीच्या काठाने निघणाऱ्या बहुतेक सहली तीर्थयात्रेच्या असतात, आणि त्यांत नदीपेक्षा मंदिरांच्या रांगांनाच जास्त वेळ लागतो. पुण्यातील एक छोटी संस्था मात्र गेली काही वर्षे त्र्यंबकपासून पैठणपर्यंत एक निराळी सहल नेते. नदीचा भूगोल आणि तिच्या खोऱ्यातला प्राचीन इतिहास समजावून देणे हा तिचा जाहीर हेतू आहे. शुल्क अशा सहलींच्या नेहमीच्या दरापेक्षा चढे आहे, गट लहान असतो आणि सोबत पुरातत्त्वाचे एक निवृत्त प्राध्यापक पूर्ण वेळ असतात, ज्यांना सगळे नुसते ‘सर’ म्हणतात. या हिवाळ्यात मी या सहलीला जाऊन आलो. इतिहासाच्या बाबतीत संस्थेने दिलेला शब्द पुरेपूर पाळला आहे; भूगोलाच्या बाबतीत तो अर्धाच पाळला गेला आहे, आणि हे अर्धेपण किरकोळ नाही.

सुरुवात ब्रह्मगिरीवर होते. पहाटे पायऱ्या चढून वर गेल्यावर गोमुखाजवळ इतर मार्गदर्शक गौतम ऋषींची कथा सांगत होते. सरांनी ती थोडक्यात सांगितली आणि लगेच सर्वांना पश्चिमेकडे तोंड करून उभे राहायला सांगितले. समुद्रसपाटीपासून सुमारे 1067 मीटरवर उगम पावणाऱ्या या नदीला अरबी समुद्र जेमतेम 80 किलोमीटरवर आहे, तरी ती त्याच्याकडे पाठ फिरवून 1465 किलोमीटर चालत बंगालच्या उपसागराला मिळते. याच डोंगराच्या परिसरात उगम पावणारी वैतरणा मात्र पश्चिमेला उतरून थोडक्यात समुद्र गाठते. दोन्ही नद्यांची खोरी एकाच जागेवरून दाखवण्याची ही कल्पना उत्तम आहे. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या थरांनी बनलेले दख्खनचे पठार, त्याचा पूर्वेकडे असलेला मंद उतार आणि कोकणाच्या बाजूला सह्याद्रीचा तुटलेला कडा ही सगळी रचना तिथे फळा-खडूशिवाय समजते. पाठ्यपुस्तकात ‘पूर्ववाहिनी’ एवढे पाठ केलेल्यांना त्यामागचे कारण इथे प्रत्यक्ष दिसते.

पर्जन्यछायेचा प्रदेशही असाच प्रवासातून शिकवला जातो. त्र्यंबकच्या परिसरात वर्षाला 2000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तासाभरावरच्या नाशिक शहरात तो 700 च्या आसपास येतो आणि कोपरगाव-वैजापूरकडे 500 च्या घरात उतरतो. बसमध्ये प्रत्येकाला एक कोरा आलेख दिला होता व वाटेतल्या गावांचे आकडे त्यावर भरायचे होते. प्रौढांना हा उद्योग पोरकट वाटेल अशी मला शंका होती, पण माझ्या शेजारच्या सत्तरीच्या काकूंनी तो सर्वांत नेटकेपणाने पूर्ण केला. डोंगरावरची भातखाचरे, मग द्राक्षांचे मांडव, मग ऊस आणि कालवा जिथे पोहोचला नाही तिथे बाजरी, असा खिडकीबाहेरचा बदल आलेखाशी जुळत जातो.

नाशिकमध्ये रामकुंडावर फार वेळ घालवलेला नाही, हे योग्यच. दुतोंड्या मारुतीच्या अंगावर पाणी कुठवर चढले यावरून नाशिककर पुराची तीव्रता सांगतात, ही माहिती देताना सरांनी त्याला ‘महाराष्ट्रातली सर्वांत लोकप्रिय पूरमापन पट्टी’ म्हटले, तेवढीच काय ती गंमत. तिथून बस थेट पांडवलेण्यांकडे गेली. सहलीचा सर्वांत भरीव भाग हाच.

त्रिरश्मी डोंगरातली ही 24 बौद्ध लेणी नदीच्या काठावर नाहीत. मग नदीच्या सहलीत ती कशासाठी, असे कोणी विचारलेच. सरांनी उत्तर न देता सर्वांना दहाव्या लेण्याच्या ओसरीत नेले आणि क्षहरात वंशातला राजा नहपान याचा जावई उषवदात याचा लेख वाचायला घेतला. उषवदाताने 3000 कार्षापणांची, म्हणजे तेव्हाच्या नाण्यांची, ठेव गोवर्धन इथल्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे व्यावसायिक संघांकडे, ठेवली होती. गोवर्धन म्हणजे आजच्या नाशिकच्या परिसरातले तेव्हाचे गाव. पैकी 2000 एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक या दराने आणि 1000 दुसरीकडे दरमहा शेकडा पाऊण या दराने होते. मुद्दल परत घ्यायचे नाही, केवळ व्याज वापरायचे, असे लेखात स्पष्ट कोरलेले आहे. पहिल्या ठेवीच्या व्याजातून लेण्यात वर्षावासाला, म्हणजे पावसाळ्यात मुक्कामाला, असणाऱ्या वीस भिक्षूंना चीवरासाठी, म्हणजे वस्त्रांसाठी, प्रत्येकी बारा कार्षापण मिळायचे. ‘करा हिशेब,’ सर म्हणाले. महिन्याला वीस, वर्षाला 240. आणि वीस भिक्षू गुणिले बारा म्हणजेही 240. सुमारे एकोणीस शतकांपूर्वीचा जमाखर्च पैशापैशाने जुळतो हे पाहून गटातले एक निवृत्त बँक अधिकारी इतके खूश झाले की त्यांनी दुसऱ्या ठेवीचेही व्याज तिथल्या तिथे काढून दाखवले : वर्षाला नव्वद.

या हिशेबातून नदीकडे येण्याची सरांची रीत मला विशेष आवडली. ठेव घेऊन तिचे व्याज वर्षानुवर्षे देत राहण्याइतका धंदा विणकरांकडे कुठून आला? काळ्या जमिनीतला कापूस, खोऱ्यातून घाटमाथ्याकडे येणारी सोपी वाट आणि थळघाट उतरला की कल्याण-सोपाऱ्याची बंदरे. गोदावरीचे खोरे हा पठाराच्या पोटातून घाटापर्यंत आलेला नैसर्गिक रस्ता आहे, आणि नाशिक त्याच्या तोंडाशी बसलेले आहे. याच उषवदाताने तापी, दमण, पारदा, डहाणूका अशा नद्यांवर फुकट होड्यांची सोय केल्याचे लेखात आहे. त्या यादीत गोदावरीचे नाव नाही. इथे नदी पायी ओलांडता येण्याजोगी होती म्हणून नसावे, असे सरांचे मत. ते अनुमान आहे हे त्यांनी दोनदा सांगितले. अनुमान आणि पुरावा यांतली रेघ ते सतत आखून दाखवत होते, ही त्यांच्या सांगण्यातली मोठी जमेची बाजू आहे.

तिसऱ्या लेण्यातला गौतमी बलश्रीचा लेख हा त्याचा पुढचा अंक. वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या एकोणिसाव्या राज्यवर्षी कोरलेल्या या लेखात पुळुमावीची ही आजी आपल्या मुलाचा, म्हणजे सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीचा, पराक्रम सांगते. ज्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचे पाणी प्यायले, ज्याने क्षहरात वंश निःशेष केला, अशी ती बिरुदे शाळेपासून आपल्या कानांवर असतात. त्यात त्याच्या ताब्यातल्या प्रदेशांची यादी येते, आणि त्यातले अश्मक आणि मूलक हे दोन्ही गोदावरीच्या खोऱ्यातले प्रदेश होत. ओसरीतल्या तोकड्या उजेडात ही अक्षरे नुसत्या डोळ्यांना नीट लागत नाहीत. संस्थेने लेखाच्या ठशाची मोठी छापील प्रत सोबत आणली होती. दोन माणसांनी ती धरायची आणि बाकीच्यांनी भिंत व कागद आलटून पालटून पाहायचे. एवढी साधी सोय फारच थोड्या सहलींमध्ये असते.

गौतमीपुत्राने नहपानावर मिळवलेल्या विजयाचा सर्वांत बोलका पुरावा मात्र दरीत, दारणा-गोदावरीच्या संगमाजवळच्या जोगलटेंभी गावात 1906 साली सापडला. तेथे मिळालेल्या नहपानाच्या 13,000 हून अधिक चांदीच्या नाण्यांपैकी 9,000 हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपले ठसे पुन्हा मारलेले होते. हरलेल्या राजाचा चेहरा न वितळवता त्याच्यावरच आपली मोहोर उठवायची, हा कारभार आजच्या पाट्या बदलण्याच्या हौसेपेक्षा कमी खर्चाचा म्हणायचा. संगमावर पाहण्यासारखे काही उरलेले नाही. तरी बस तिथे थांबते आणि पुन्हा ठसा मारलेल्या नाण्याची मोठी प्रतिकृती हातोहात फिरते. एका राजाच्या नाकावर दुसऱ्याचे उज्जैन-चिन्ह नावाचे ठशातले चिन्ह उमटलेले बोटाला जाणवते.

नांदूर मध्यमेश्वरचा टप्पा घाईत उरकला गेला. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावरचा हा ब्रिटिशकाळातला बंधारा आज पक्ष्यांसाठी प्रसिद्ध आहे आणि 2020 साली तो महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, ठरला. गटातल्या निम्म्या लोकांनी दुर्बिणी बाहेर काढल्यावर नदीकाठच्या जुन्या गाळाच्या थरांकडे लक्ष देणारे मोजकेच उरले. याच थरांत हत्तीचे आणि रानबैलाचे जीवाश्म मिळालेले आहेत, ही गोष्ट पक्ष्यांच्या कलकलाटात हरवली. आयोजकांनी इथे एक तर पक्ष्यांना वेगळा वेळ द्यावा किंवा दुर्बिणी बसमध्ये ठेवायला सांगाव्यात.

पुढचा मुक्काम प्रवरेच्या काठी. मुख्य नदी सोडून उपनदीकडे वळण्याचा हा निर्णय धाडसी आहे, पण या खोऱ्याची खरी प्राचीनता प्रवरेच्याच काठाने वाचावी लागते. नेवाशाला लोक पैस खांबासाठी येतात. शके 1212 मध्ये ज्ञानदेवांनी तिथे ज्ञानेश्वरी सांगितली, आणि त्या खांबापुढे आमच्या गटातले बरेचजण डोळे मिटून बसले. त्यानंतर सर सर्वांना नदीच्या दरडीशी घेऊन गेले. खाली खडकावर चुनखडीने घट्ट सांधलेल्या गोट्यांचा थर, त्यावर पिवळसर गाळ, पुन्हा बारीक गोटे, पुन्हा गाळ. तळच्या थरात पुराश्मयुगातल्या हातकुऱ्हाडी, वरच्या गोट्यांत जास्पर आणि चर्ट या कठीण दगडांच्या छिलक्यांपासून केलेली छोटी हत्यारे, ज्यांवरून मध्यपुराश्मयुगाच्या या परंपरेला नेवाशाचेच नाव पडले. डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलिया यांनी 1954 पासून इथे उत्खनने केली. लाडमोड टेकडीवर त्यांना वरून खाली मध्ययुगीन, सातवाहन आणि ताम्रपाषाणयुगीन (तांबे आणि दगड दोन्हींची हत्यारे वापरणाऱ्या काळातल्या) वस्त्यांचे थर लागले. रोमन मद्यकुंभांचे तुकडेही मिळाले. म्हणजे एकाच गावात हातकुऱ्हाडीपासून ज्ञानेश्वरीपर्यंतचा पल्ला, आणि तोही दहा-पंधरा मिनिटांच्या चालीत.

ताम्रपाषाणयुगातली जोर्वे संस्कृती समजावताना सरांनी पिशवीतून एका खापराची नवी, कुंभाराकडून करवून घेतलेली प्रतिकृती काढली आणि नखाने टिचकी मारली. चांगले भाजलेले, लाल रंगावर काळ्या रेषांची भौमितिक नक्षी असलेले ते भांडे धातूसारखे खणखणले. ‘सर, खरे खापर नाही का दाखवता येणार?’ असे एका तरुणाने विचारले. त्यावर, टेकडीवर पडलेले खापर पाहावे, वाकून पाहावे, पण उचलू नये, असे त्यांनी शांतपणे सांगितले आणि ज्याने आधीच एक खिशात टाकले होते त्याच्याकडे न बघता थोडा वेळ थांबले. खापर जागेवर परत गेले. जोर्वे काळातली लहान मुलांची दफने घराच्या जमिनीखाली, तोंडाला तोंड लावून आडव्या ठेवलेल्या दोन मडक्यांत आढळतात. नेवाशाला अशाच एका दफनात तांब्याच्या मण्यांची माळ मिळाली आणि मण्यांच्या भोकांत अडकून राहिलेल्या धाग्यात कापसाबरोबर रेशीम आढळले. ही माहिती ऐकताना गट एकदम गप्प झाला, आणि सरांनीही पुढचे वाक्य सुरू करायला वेळ घेतला.

प्रवरेकाठच्याच दायमाबादला मात्र आयोजकांनी अक्षम्य घाई केली. जेवणाला उशीर झाला होता, ऊन कलायला लागले होते, आणि ताम्रपाषाणयुगातल्या महाराष्ट्रातील सर्वांत मोठ्या वस्त्यांपैकी एक असलेली ही जागा जेमतेम फेरी मारून संपली. वास्तविक गोदावरी खोऱ्याच्या प्राचीन इतिहासातले सर्वांत कठीण प्रश्न इथले आहेत. सिंधू संस्कृतीच्या उत्तरकाळातले लोक इतक्या दक्षिणेला कसे आले? सिंधू लिपीची चिन्हे असलेल्या मातीच्या मुद्रा इथे मिळाल्या आहेत, त्यामुळे ते आले होते याबद्दल शंका नाही. 1974 साली एका झुडपाच्या मुळाशी खणताना सापडलेली चार कांस्यशिल्पे तर जगप्रसिद्ध आहेत : हत्ती, गेंडा, म्हैस आणि दोन बैल जुंपलेला रथ, ज्यावर हाकणारा माणूस उभा आहे. सगळ्यांचे मिळून वजन 60 किलोहून अधिक. पण ती शास्त्रोक्त उत्खननाच्या थरातून आलेली नाहीत, त्यामुळे त्यांच्या काळाबद्दल अभ्यासकांत मतभेद राहिले. हा वाद सरांनी बसमध्ये सांगितला. तो टेकडीवर उभे राहून ऐकायला मिळायला हवा होता. इ.स.पू. 1000 च्या आसपास ही वस्ती उठली. पाऊस कमी होत गेल्याने असे घडले, असे स्पष्टीकरण दिले जाते. पर्जन्यछायेचा जो आलेख आम्ही पहिल्या दिवशी भरला होता, त्याचा खरा उपयोग इथे होता, पण तो कोणी पिशवीतून बाहेर काढला नाही.

पैठण हा सहलीचा शेवट. सुत्तनिपात या प्राचीन बौद्ध ग्रंथात गोदावरीच्या तीरावर राहणाऱ्या बावरी नावाच्या आचार्याचे शिष्य उत्तरेकडे निघतात तेव्हा त्यांच्या वाटेवरचे पहिले ठिकाण प्रतिष्ठान, म्हणजे पैठणच, असते, मग माहिष्मती, उज्जयिनी, विदिशा. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशी-व्यापाऱ्याच्या पेरिप्लस या वर्णनात गुजरातेतल्या भडोच बंदरापासून दक्षिणेला वीस दिवसांच्या अंतरावर पैठण आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, म्हणजे आजचे तेर, असे दिलेले आहे. पैठणहून रंगीत मौल्यवान दगड गाड्यांवर लादून भडोचला जात. ही दोन वर्णने एकमेकांसमोर ठेवून, उत्तर-दक्षिण रस्ता आणि पूर्व-पश्चिम नदी जिथे एकमेकांना छेदतात तिथे राजधानी कशी उभी राहते, हे नाग घाटावर बसून सांगितलेले विवेचन सहलीतले सर्वोत्तम ठरावे. सातवाहनांची राजधानी इथे का, याचे उत्तर वंशावळीत नसून नकाशात आहे.

त्यानंतर नाथसागर. 1965 साली लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते पायाभरणी झालेले आणि 1976 साली इंदिरा गांधींनी लोकार्पण केलेले जायकवाडीचे हे धरण सुमारे 10 किलोमीटर लांबीचे आहे आणि त्याची एकूण क्षमता 102 टीएमसीच्या (अब्ज घनफुटांच्या) आसपास आहे. नगर-नाशिक विरुद्ध मराठवाडा हा पाण्याचा तंटा दर उन्हाळ्यात वर्तमानपत्रांत असतो. बांधावर उभे असताना तोच विषय निघाला आणि गटात नाशिकचे व संभाजीनगरचे दोघेही असल्याने थोडा तापलाही. सरांनी त्यात पडण्याचे टाळले.

आणि इथेच सहल संपते, हीच माझी मुख्य तक्रार आहे. पैठणपर्यंतची गोदावरी इतिहासाने भरलेली आहे, पाण्याने नाही. नदीचे बहुतेक पाणी पूर्वेकडे, प्राणहिता, इंद्रावती आणि शबरी यांच्याकडून येते. वर्धा-वैनगंगेचे पाणी घेऊन सिरोंच्याजवळ मिळणारी प्राणहिता एकटी सुमारे 3,12,800 चौरस किलोमीटरच्या खोऱ्याचा तिसरा हिस्सा व्यापते. त्याआधीच बसाल्ट सोडलेली नदी या भागात गोंडवन काळातल्या गाळाच्या खडकांतून वाहते, जिथे कोळसा आहे आणि सिरोंच्याच्या परिसरात डायनोसॉरचे जीवाश्म मिळाले आहेत. पापीकोंडलच्या घळीतून ती पूर्वघाट ओलांडते, राजमहेंद्रीच्या खाली 1852 साली पूर्ण झालेल्या धवळेश्वरमच्या बंधाऱ्यानंतर तिच्या गौतमी आणि वसिष्ठ अशा शाखा होतात आणि त्रिभुज प्रदेशातली भातशेती सुरू होते. यातले काहीही सहलीत नाही, आणि सोबत दिलेल्या पुस्तिकेत यासाठी जेमतेम दीड पान आहे. एवढ्या लांब सर्वांना नेणे शक्य नसते हे मान्य. पण मग जाहिरातीत ‘गोदावरीचा भूगोल’ असे न म्हणता ‘वरच्या गोदावरीचा’ असे म्हणावे, किंवा एका संध्याकाळी मुक्कामावर नकाशा लावून उरलेली नदी समजावून सांगावी. आमच्या संध्याकाळी बहुतेक अंताक्षरीत गेल्या.

पुस्तिकेतले नकाशेही सुधारायला हवेत. नद्यांची नावे बारीक अक्षरांत आणि समोच्च रेषा नाहीत, त्यामुळे ज्या उतारावर सगळे विवेचन उभे आहे तो कागदावर दिसत नाही. लेखांचे मूळ प्राकृत आणि त्याखाली सोपे मराठी ही मांडणी मात्र नेमकी आहे. तेवढ्यासाठी पुस्तिका जपून ठेवण्यासारखी झाली आहे.

व्यवस्थेबद्दल थोडक्यात. बस ठीक होती, मागच्या सीटवर हिसके बसतात. त्र्यंबकला नेमके सोमवारी नेल्यामुळे गर्दीत बराच वेळ गेला. वार बदलणे कोणालाही सहज जमण्यासारखे आहे. नेवाशाजवळच्या एका शेतावर मिळालेली बाजरीची भाकरी, पिठले आणि मिरचीचा ठेचा हे जेवण हॉटेलातल्या सगळ्या थाळ्यांपेक्षा सरस होते. ब्रह्मगिरीच्या पायऱ्या आणि पांडवलेण्यांची चढण गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांना जड जाईल, आणि हे नोंदणीच्या वेळी कोणी सांगत नाही. लहान मुलांना लेण्यांतले लेख कंटाळवाणे वाटतात. आमच्यातली दोन मुले दहाव्या लेण्यापासून पुढे पायरीवर बसून राहिली. ज्यांना इतिहासाची आवड आहे आणि थोडे चालण्याची तयारी आहे अशा मोठ्यांनी या सहलीला जरूर जावे, शुल्क चढे असले तरी.

तारीख निवडताना एक विचार करावा. डिसेंबर-जानेवारीत नांदूर मध्यमेश्वरला पक्षी भरपूर असतात, पण धरणे आणि कालवे यांमुळे नदीत पाणी असते आणि दरडींचे तळचे थर झाकलेले राहतात. फेब्रुवारीअखेर ते दिसू लागतात, ऊनही अजून सोसण्याजोगे असते. गोट्यांच्या थरांसाठी जाणाऱ्यांनी हा दुसरा मुहूर्त धरावा आणि आयोजकांकडून दायमाबादचा वेळ सकाळचा करून मागावा.